बोअर घेतला, बोअर मारला, बोअर झालं

फेब्रुवारी उलटला की बीड जिल्ह्यात एक इंग्रजी क्रियापद सगळ्यांच्या तोंडी येतं. गेवराईकडं पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात, आष्टी-पाटोद्याच्या विहिरींचे तळ दिसू लागलेले असतात, ऊसतोडीच्या टोळ्या अजून पश्चिम महाराष्ट्रातल्या फडांवर असतात आणि गावात राहिलेल्यांच्या बोलण्यात पारावर, चहाच्या हॉटेलात, आडतीच्या दुकानापुढं एकच विषय निघतो: यंदा बोअर घ्यायचा का? भोक पाडणं, पोखरत आत जाणं हा या क्रियापदाचा मूळ अर्थ. ज्यांची इंग्रजीशी ओळख सातवी-आठवीच्या पुस्तकापाशी संपली तीही माणसं ते दिवसातून कितीदा तरी वापरतात आणि आपण इंग्रजी बोलतोय असं त्यांच्या ध्यानीमनीही नसतं.

भाषेवर लिहिणारे परक्या शब्दांच्या याद्या करतात, पाण्यावर लिहिणारे फुटांचे आकडे मांडतात. बोअर हा शब्द दोघांच्या मधल्या बांधावर पडून राहिला आहे. त्याच्या मागंपुढं कोणती मराठी क्रियापदं जोडली जातात हे नीट पाहिलं, तर बीडचा शेतकरी जमिनीखालच्या पाण्याकडं काय म्हणून पाहतो ते त्या व्याकरणातच सापडतं, असं माझं म्हणणं आहे.

आधी इंग्रजीतला हिशेब उरकून घेऊ. इंग्रजीत दिसायला सारखे पण कुळानं वेगळे असे तीन 'बोअर' आहेत. पहिला जुन्या इंग्रजीपासून चालत आलेला: लाकडात, धातूत, खडकात फिरत्या हत्यारानं छिद्र पाडणं. बंदुकीच्या नळीची पोकळी मोजतात तीही त्याच घरातली. दुसरा कंटाळा आणणारा. तो अठराव्या शतकाच्या मध्यानंतर इंग्रजीत दिसू लागतो आणि तो आला कुठून याचा निकाल कोशकारांना अजून लावता आलेला नाही. कानाशी भुणभुण करून डोकं पोखरणारा माणूस म्हणजे बोअर, अशी व्युत्पत्ती सांगायला सोपी वाटते, पण तिला पुरावा नाही. तिसरा 'बेअर' म्हणजे सोसणं, वाहून नेणं, जन्म देणं या क्रियापदाचा भूतकाळ. 'बेअर, बोअर, बॉर्न' अशी घोकंपट्टी आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. धड्यात एखादी बाई दुःख 'बोअर' करते असं वाक्य आलं, तर शिरूर कासारच्या मुलाच्या डोळ्यांपुढं आधी बोअरची गाडी, कंप्रेसर आणि पांढरा धुराळाच येणार. त्यात त्याची चूक काही नाही.

आणखी एक गंमत. विहिरीच्या संदर्भात खुद्द ब्रिटनमध्ये 'बोअरवेल' हा शब्द फारसा चालत नाही. तिथं 'बोअरहोल' म्हणतात, अमेरिकेत 'ड्रिल' हे क्रियापद जास्त चालतं. बोअरवेल ही मुख्यतः भारतीय इंग्रजीची चीज आहे. तेव्हा बीडच्या बाजारपेठेत पंपांच्या दुकानावर जी पाटी दिसते, ती इंग्रजांकडून उसनी घेतलेली म्हणण्यापेक्षा आपणच इंग्रजीत घडवलेली म्हणावी लागेल.

आता मराठीकडं. मराठीनं इंग्रजी क्रियापदं हजारोंनी घेतली, पण त्यांना आपले प्रत्यय लावायचे सहसा टाळले. आपण 'बोअरणे' म्हणत नाही, 'सेव्हणे' म्हणत नाही. 'गुगलून पाहा' असं कुणी म्हणतं, पण ते थट्टेच्या सुरात. परका शब्द नामासारखा उभा करायचा आणि काळ, लिंग, वचनाचा भार करणे, होणे, मारणे, देणे, लावणे या घरच्या क्रियापदांवर टाकायचा, ही आपली रीत. ही रीत इंग्रजीसाठी मुद्दाम काढलेली नाही. फारसी-अरबी शब्दांना आपण असंच वागवलं: मंजूर करणे, जप्त करणे, दाखल करणे, हजर होणे. बदलणे, फर्मावणे, आजमावणे अशी थोडी रूपं तेवढी थेट क्रियापदं झाली. बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, दफ्तराची भाषा उर्दू होती, त्यामुळं कचेरीचा परका शब्द घ्यायचा आणि त्याला 'करणे'चं जू लावायचं हा सराव इथल्या जिभेला चांगलाच होता. इंग्रजी शब्द आले तेव्हा वाट मळलेली होती.

बोअरचं वेगळेपण असं की 'बोअर करणे' हे रूप विहिरीसाठी मागं पडतं. 'बोअर करू' म्हणणारे आहेत, नाहीत असं नाही. पण जास्त ऐकू येतात ती तीन रूपं: बोअर घेणे, बोअर मारणे, बोअर पाडणे. तिन्हींचा अर्थ एकच मानला जातो. माझ्या मते तो एक नाही.

'पाडणे' सगळ्यांत जुनं. भोक पाडतात, खिंड पाडतात, विहीरही पाडतात. मराठवाड्यात 'औंदा हीर पाडली' हे वाक्य बोअर यायच्या कितीतरी आधीपासून आहे. बोअर पाडला म्हणणारा माणूस नव्या यंत्राला विहिरीच्याच रांगेत बसवतो. विहीर पाडताना घरची माणसं, वडार, क्रेन, सुरुंग, महिनोन् महिने चालणारी खोदाई आणि दर हातावर बदलणारा दगड डोळ्यांना दिसायचा. पाणी किती खोल आहे, कुठल्या कपारीतून झिरपतं, हे सगळं उघड्यावर होतं. 

'मारणे' हे गाडीवाल्यांचं क्रियापद. खिळा मारतात, पंप मारतात, किक मारतात, मोबाइलला रिचार्ज मारतात. एका झटक्यात, यंत्राच्या जोरावर होणाऱ्या कामाला मराठी 'मारणे' लावते. एजंट विचारतो, 'किती फूट मारायचा?' विहिरीच्या तळाशी बाजूच्या भिंतींत भोकं घेतात त्यांनाही 'आडवे बोअर मारले' असंच म्हणतात. 

आणि 'घेणे' हे मालकाचं. शेत घेतलं, बैल घेतले, कापसाचं पीक घेतलं, बोअर घेतला. यात खोदण्याची क्रिया जवळजवळ दिसतच नाही. दिसतो तो सौदा. पैसा घातला आणि जमिनीखालचं काहीतरी आपलं झालं. ज्याच्या शेतात गाडी उभी राहते तो साधारणपणे 'घेतो', गाडीवरची पोरं 'मारतात', म्हातारी माणसं 'पाडला' म्हणतात. इंग्रजीतल्या एका क्रियापदाच्या मराठीत अशा तीन वाटण्या झाल्या.

'घेणे' इतकं घट्ट का बसलं, याचं उत्तर थोडं कायद्यातही आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात एक उदाहरण दिलेलं आहे: ठरावीक प्रवाहातून न वाहणारं, आपल्या जमिनीखालचं सगळं पाणी आपल्या हद्दीत गोळा करून वापरण्याचा हक्क जमीनमालकाला आहे. शेतकऱ्यानं हा कायदा वाचलेला नसतो, पण समजूत तीच असते. माझा सातबारा, माझं पाणी. पाणी खडकातल्या भेगांमधून शेजाऱ्याच्या गटातून येतं, बांध त्याला ठाऊक नसतो, ही गोष्ट 'घेतला' या क्रियापदात मावत नाही. शेजाऱ्यानं दीडशे फुटांवर बोअर घेतला आणि आपली विहीर आटली, तर भांडण होतं. पण भांडणाचं उत्तर म्हणून आपण अडीचशे फुटांचा घेतो. खोलीची चढाओढ अशी सुरू होते.

राज्यानं या चढाओढीला दोनदा आवर घालून पाहिला. १९९३ च्या कायद्यानं सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला बंधन घातलं. नंतरचा भूजल विकास व व्यवस्थापन कायदा २००९ चा म्हणून ओळखला जातो, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळायला २०१३ उजाडलं. शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा, खोल विहीर घ्यायची नाही, असं त्यात आहे. बोअरच्या गाड्यांची नोंदणीही त्यात सांगितली आहे. २०१३ आणि २०१६ च्या उन्हाळ्यांत मराठवाड्यातून बातम्या येत होत्या त्या आठशे आणि हजार फुटांच्या. कायद्याच्या मराठीत 'मनाई' आणि गाडीच्या मराठीत 'किती मारायचा' या दोन वाक्यांची गाठच पडत नाही.

कायद्याची भाषा म्हटलं की 'विंधन विहीर' आठवतेच. सरकारी मराठीनं बोअरवेलला हा शब्द दिला आणि कठीण खडकातली ती विंधन विहीर, गाळाच्या प्रदेशातली ती कूपनलिका असा फरकही केला. भाषेच्या दृष्टीनं शब्द निर्दोष आहे. विंधणे हे अस्सल मराठी क्रियापद. मोती विंधतात, कान विंधतात, बाणानं विंधतात. गंमत अशी की ते धडधाकट क्रियापद असताना सरकारनंही त्याचं नाम करून टाकलं. टंचाई आराखड्यात उपायांची जी यादी असते तिच्यात लिहिलेलं असतं: 'नवीन विंधन विहिरी घेणे'. पुढं 'विंधन विहिरींची विशेष दुरुस्ती', 'तात्पुरती पूरक नळ योजना', 'खासगी विहिरींचं अधिग्रहण', 'बुडक्या घेणे'. म्हणजे बोअर हटवून विंधन आणलं, पण मागचं 'घेणे' हललं नाही. लोकांचं क्रियापद शासनाच्या दफ्तरात जसंच्या तसं शिरलं. मला यात विंधनचा पराभव वाटत नाही. अर्जात विंधन आणि तोंडात बोअर, अशी विभागणी बीडच्या कुठल्याही ग्रामपंचायतीत सुखानं नांदते. एकच माणूस ग्रामसेवकाला लिहून देतो ते विंधन विहीर दुरुस्त करण्यासाठी, आणि बाहेर येऊन सांगतो, 'बोअरचं सांगून आलो.'

शब्दामागं वस्तू आली कशी, हेही पाहायला हवं. दख्खनच्या पठारावर साध्या हातयंत्रानं खोल भोक पाडणं शक्यच नव्हतं. बीडखाली आहे तो बेसॉल्ट: लाव्हाचे थर एकावर एक. वर माती आणि मुरूम, मग सच्छिद्र मांजऱ्या खडक, मग काळा पाषाण, मधूनमधून लालसर गेरूसारखा थर, पुन्हा पाषाण. पाणी असतं ते झिजलेल्या वरच्या भागात, सांध्यांत आणि दोन थरांच्या मधल्या फटीत. अखंड पाषाणात ते नसतं. म्हणून जुन्या लोकांनी आड, बारवा, रुंद विहिरी केल्या. वरच्या थरातलं पाणी गोळा करायचं तर रुंदी लागते. बीड शहराजवळची खजाना विहीर सोळाव्या शतकात, मुर्तझा निजामशहाच्या काळात सलाबतखानानं बांधवली. तिचं पाणी भुयारी कालव्यातून उताराच्या बळावर शेतांपर्यंत जातं. पाणी उपसायला मोट नाही की पंप नाही. ज्यानं ती आखली त्यानं जमिनीचा उतार आणि थर वाचले होते.

बोअरचं तंत्र आलं साठच्या दशकात, आणि तेही बीडच्या शेजारून. दाबाच्या हवेवर चालणारा हातोडा भोकाच्या तळाशीच ठोके देतो आणि तीच हवा दगडाची भुकटी वर फेकते. हे तंत्र कठीण खडकात कामाला आलं. जालन्याच्या स्कॉटिश मिशननं त्या काळात अशा यंत्रांनी गावोगाव पिण्याच्या पाण्याचे बोअर घेतले. त्यांवर बसवायचे ओतीव लोखंडाचे जुने हातपंप, दिवसभर अख्ख्या गावाच्या हाताखाली राहून, भराभर मोडत. म्हणून तिथंच एक दणकट पंप तयार झाला, तो 'जालना पंप'. त्यात सोलापूरच्या स्वीडिश मिशनच्या लोकांनी सुधारणा केल्या, त्या 'सोलापूर पंपा'वरून सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात युनिसेफच्या पुढाकारानं 'इंडिया मार्क टू' बनला. पुढं तो जगभर गेला. आफ्रिकेतल्या गावातली बाई ज्या दांड्यावर जोर देते, त्याचा एक पूर्वज मराठवाड्यातला आहे, ही गोष्ट आपल्याकडं फारशी कुणाला माहीत नसते. १९७२ च्या दुष्काळानं सरकारी यंत्रणाही या कामाला जुंपली. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा त्याच सुमाराची.

त्या हातपंपाचं नाव मात्र लोकांनी घरचं ठेवलं: हापसा. क्रियापदही घरचंच, हापसणे. 'जरा दोन घागरी हापस की गं' या वाक्यात इंग्रजी औषधालाही नाही. बोअर आणि पंप एकाच वेळी, एकाच जागी आले. खालच्या भोकाला इंग्रजी नाव, वरच्या दांड्याला मराठी. मला याचं कारण असं दिसतं: हापसण्यात माणसाचं अंग खपतं. बायका-पोरांनी जी क्रिया रोज खांद्यातून केली, तिला मराठी क्रियापद मिळालं. बोअरची क्रिया यंत्रानं एका रात्रीत केली, गावानं ती फक्त उभं राहून पाहिली. तिथं नामावर भागलं.

त्या रात्रीविषयी थोडं लिहायला हवं, कारण बोअरची खरी शब्दसंपत्ती तिथंच आहे. आधी पाणाड्या येतो. नारळ तळहातावर ठेवून शेतभर फिरतो, नारळ उभा राहिला की तिथं खूण. कुणी दोन फाट्यांची काडी वापरतं. कुणी 'मशीनवर पाणी पाहतं', म्हणजे विजेच्या रोधावरून खडकाचा अंदाज घेणारं सर्वेक्षण. बरेच जण दोन्ही करतात आणि दोन्हींच्या मधे खूण घालतात. (बोअरवाल्यांच्या अंधश्रद्धेला हसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं की लाखभर रुपये मातीत घालताना माणूस मिळेल तो आधार धरतो.) मग 'गाडी' येते. बीडमध्ये या दिवसांत नुसतं 'गाडी आली' म्हटलं तरी कुठली ते विचारावं लागत नाही. या गाड्यांचं माहेर तमिळनाडूतलं तिरुचेंगोडे. रिगच्या धंद्यासाठी ते गाव देशभर ओळखलं जातं. गाडीवरची पोरं आपसांत तमिळ बोलतात, शेतकऱ्याशी तोडक्या हिंदीत, आणि 'केसिंग', 'रॉड', 'फूट' हे शब्द दोघांचे सामाईक. म्हणजे आष्टीच्या माळावर तमिळ आणि मराठी माणसाचा व्यवहार होतो तो इंग्रजीच्या तुकड्यांवर.

नारळ फुटतो, यंत्र धडधडायला लागतं, पांढऱ्या-काळ्या भुकटीचा फवारा उडतो. मुरूम संपेपर्यंत केसिंग जातं. मग नुसता दगड. घरचा कर्ता माणूस भुकटीचा रंग पाहत उभा असतो. 'भुकटीच हाय अजून.' भुकटी ओलसर झाली, तिचा चिखल झाला की सगळ्यांचे चेहरे पालटतात: 'लागलं!' इथं पुन्हा व्याकरण पाहा. पाणी 'सापडलं' किंवा 'मिळालं' क्वचितच, पाणी लागतं. बोअरला पाणी लागलं, जसं नांगराला ढेकूळ लागतं, लॉटरी लागते, नोकरी लागते. यशात माणूस कर्ता नाही. आणि किती लागलं ते इंचात सांगायचं: 'दीड इंच लागलं', 'दोन इंची हाय'. खोली फुटांत, पाणी इंचांत, जमीन एकरात, कर्ज रुपयांत.

न लागलं तर 'फेल गेला'. हेही इंग्रजी क्रियापद, आणि त्याला जोडलेलं 'जाणे' अगदी मराठी: वाया जाणे, बुडीत जाणे, फेल जाणे. परीक्षेत मुलगा नापास 'होतो', बोअर फेल 'जातो'. होण्यात पुन्हा बसायची सोय आहे, जाण्यात नाही. दर फुटाप्रमाणे पैसे, खोली वाढेल तसा दर वाढतो, वर केसिंग, मोटर, केबल, पाइप. फेल गेला तरी गाडीचे पैसे द्यावेच लागतात. एकाच शेतात चार-चार, पाच-पाच फेल गेलेले बोअर असलेली माणसं या जिल्ह्यात हुडकावी लागत नाहीत. त्यातला पैसा सावकाराचा, सोन्याचा, नाहीतर ऊसतोडीच्या मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ उचलीचा असतो. दिवाळीनंतर जो कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, सांगली-कोल्हापूरकडं किंवा कर्नाटकात ऊस तोडायला निघतो, त्याच्या उचलीत कधी लेकीचं लग्न असतं, कधी दवाखाना असतो, कधी फेल गेलेला बोअर असतो. आपल्या शिवारात पाणी मिळावं म्हणून घेतलेलं कर्ज दुसऱ्याच्या बागायती उसात फेडायचं, असा हा हिशेब.

जिल्ह्याचा पाऊस सरासरीनं साडेसहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास, पण सरासरीवर कुणी पेरत नाही. २०१५ च्या पावसानं दगा दिला तेव्हा केज तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं, त्यावर अवलंबून असलेल्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. त्या उन्हाळ्यात गाड्यांचा आवाज बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात रात्ररात्र थांबत नव्हता. भूवैज्ञानिक सांगत होते की बेसॉल्टमध्ये खोल गेलं म्हणून पाणी वाढत नाही, खालचं जे थोडं लागतं ते वर्षानुवर्षांचं साठलेलं असतं, ते लवकर भरून येत नाही. हे खरंच आहे. पण ज्याची मोसंबीची बाग डोळ्यांदेखत वाळतेय त्याला 'खाली नाही' हे वाक्य कसं पटावं? 

त्याच वर्षांत सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेची कामं झाली, आणि बोअरच्या शब्दकोशात एक नवा इंग्रजी शब्द आला: रिचार्ज. 'बोअर रिचार्ज केला', म्हणजे त्याच्याभोवती खड्डा करून दगड-वाळू भरली आणि पावसाचं पाणी आत जिरवलं. सरकारी शब्द पुनर्भरण. मोबाइलला रिचार्ज 'मारतात', बोअरला 'करतात'. हा 'करणे' मला आशेचा वाटतो, कारण त्यात घेण्यापेक्षा देणं आहे. पण रिचार्ज केलेले बोअर घेतलेल्या बोअरच्या मानानं अजून फारच थोडे आहेत.

फेल गेलेल्या भोकांचं पुढं काय होतं, हा प्रश्न देशानं लहान मुलांच्या जिवावर शिकला. २००६ मध्ये हरियाणात कुरुक्षेत्राजवळ एक मुलगा उघड्या बोअरमध्ये पडला, त्याला बाहेर काढण्याचं थेट प्रक्षेपण देशानं पाहिलं. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दंडक घालून दिले: खोदण्याआधी पंधरा दिवस कळवायचं, फलक लावायचा, कुंपण करायचं, तोंडाला झाकण बसवायचं, सोडून दिलेला बोअर भरून काढायचा. झाकणाऐवजी गोणपाट आणि वर दगड, एवढ्यावर भागवलेले बोअर आजही बांधाच्या कडेला दिसतात. घेतला या क्रियापदाला बुजवला हे जोडक्रियापद अजून मिळालेलं नाही.

आता दुसरा बोअर, कंटाळ्याचा. हा बीडला उशिरा आला, कॉलेजातून आणि हिंदी सिनेमातून. 'लई बोअर झालं राव', 'काय बोअर करायलास', 'बोअर मारू नको'. शेवटचं वाक्य संदर्भावाचून ऐकलं तर एखाद्या काटकसरी बापानं पोराला दिलेला सल्ला वाटेल. इथंही मराठीनं आपलं व्याकरण सोडलेलं नाही. इंग्रजीत माणूस कर्ता होतो: मी बोअर्ड आहे. मराठीत कंटाळा माणसाकडं येतो: मला कंटाळा आला, मला वीट आला, मला उबग आला. पोरांनी बोअर शब्द घेतला आणि त्याला कंटाळ्याचीच विभक्ती दिली: 'मला बोअर होतंय.' या 'मला'ला इंग्रजीत जागा नाही. पुण्यामुंबईकडं 'मी बोअर झालो' जास्त चालतं, आणि तिथूनही ते पसरतंय. मराठवाड्यात दोन्ही ऐकू येतात. 'मला' मला जास्त आवडतं.

वर्गात मात्र याच 'मला'नं घोळ होतो. सन २००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी दहावीच्या पोराच्या वहीत 'आय ॲम बोअरिंग' हे वाक्य हमखास सापडतं. त्याला म्हणायचं असतं मला कंटाळा आलाय. लिहितो ते मीच कंटाळवाणा आहे असं. शिक्षक लाल शाईनं गोल करतो आणि 'एड' आणि 'इंग' यांचा नियम सांगतो. नियम बरोबर आहे, पण कारण सांगायचं राहतं. मराठीत कंटाळा आणणारी वस्तू आणि कंटाळलेला माणूस हे दोघं एका वाक्यात वेगवेगळ्या विभक्तींत बसतात. इंग्रजी त्यांना विभक्तीनं वेगळं करत नाही, क्रियापदाच्या शेपटीनं करते. हे एकदा फळ्यावर दोन वाक्यं शेजारी मांडून दाखवलं, तर घोकण्याची गरज बरीच कमी होईल. त्यापुढची पायरी शब्दयोगी अव्ययांची. 'बोअर्ड विथ' आणि 'बोअर्ड बाय' जुनी आणि निर्धोक. 'बोअर्ड ऑफ' पूर्वी चूक धरत, आता इंग्रजी बोलणाऱ्यांतही सर्रास झालं आहे. परीक्षेत पहिल्या दोघांवर राहिलेलं बरं.

'मारू नको'सारखं एखादं वाक्य सोडलं, तर विहिरीचा बोअर आणि कंटाळ्याचा बोअर मराठीत एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. पहिला मोजता येतो, घेता येतो, त्याला पाणी लागतं. दुसरा फक्त होतो, नाहीतर कुणीतरी तो करतं किंवा मारतं. बहुतेक वेळा सहचर क्रियापदावरूनच अर्थ ठरतो. संगणकावर मराठी भाषांतर करणाऱ्यांनी हे शिकून घ्यायला हवं. यंत्राला नुसता 'बोअर' दिला तर ते गोंधळतं. 'घेतला' किंवा 'होतंय' दिलं तर गोंधळायचं कारण उरत नाही.

जुन्या मराठी कोशांत 'बोर' म्हणजे बोरीचं फळ. नव्या कोशाला या इंग्रजी शब्दाची स्वतंत्र नोंद करावी लागेल, आणि ती 'बोअर' अशी लिहिली तर फळाशी गल्लत होणार नाही. अर्थ दोन आकड्यांखाली. पहिल्याखाली घेणे, मारणे, पाडणे ही क्रियापदं. आटणे, फेल जाणे, पाणी लागणे हे प्रयोग. पर्याय विंधन विहीर. दुसऱ्याखाली होणे, करणे, मारणे, आणि 'मला' या चतुर्थीची सूचना. लिंगाचा रकाना सगळ्यांत अवघड. माजलगावात एकाच ओट्यावर एक जण 'बोअर घेतला' म्हणतो, दुसरा 'घेतलं', आणि 'बोअरवेल' म्हटलं की दोघंही, विहिरीच्या ओढीनं, 'घेतली' म्हणतात. तिथं पुल्लिंग, नपुंसकलिंग ही दोन्ही द्यावी लागतील, आणि बोअरवेलपुढं स्त्रीलिंग.